शिवेपलीकडचे चॅनेल

लोककथा गोळा करण्यासाठी मी ज्या ज्या गावी मुद्दाम गेलो, तेथे लोक सावरून बसले आणि मोजकेच बोलले. ज्या खोलीत मात्र केवळ माझा बंद पडलेला टीव्ही सुरू करून द्या असे सांगायला गेलो होतो, तेथे मला किस्स्यांची रासच सापडली. कारण सोपे आहे. आपण किस्सा सांगत आहोत हे सांगणाऱ्याला ठाऊक नसले, की तो उत्तम सांगतो. आणि तक्रार करायला आलेल्या माणसाइतका उत्तम कथेकरी मी दुसरा पाहिलेला नाही!

ही खोली भिवंडीजवळच्या राहनाळला, गोदामांच्या रांगेमागे आहे. जनार्दन पाटील, म्हणजे आमचे जनूशेठ, यांच्या केबलची ती कंट्रोल रूम. छतावर तबकड्या, आत थंड हवेत लुकलुकणारी यंत्रे, आणि दाराशी आम्हा रिकामटेकड्यांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या. निवृत्तीनंतर माझी संध्याकाळ तेथेच जाते. नेहमीची मंडळी तीन. स्वतः जनूशेठ, तक्रारींचा फोन घेणाऱ्या त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी, आणि लाइनमन रफिक. रफिकचे वडील उत्तर प्रदेशातून लूमवर कामाला आले होते. तो भिवंडीतच जन्मला, आणि त्याचे वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपते.

या खोलीतले सारे किस्से एकाच प्रश्नातून जन्मतात : 'त्यांच्याकडे दिसते, मग आमच्याकडे का नाही?' मीही तो एकदा विचारला होता. जनूशेठ म्हणाले, "सर, वरनं येतो तो डाळभात. तो सगळ्या गावांना येकच. पन ताटातलं लोनचं ज्याच्या त्याच्या घरचं!"

व्याख्या म्हणून हे विधान मी आजही निर्दोष मानतो. आकाशातून उतरलेली चॅनेले केबलवाल्याच्या खोलीत एकत्र होतात. आपल्या भागात कोणती भाषा बोलली जाते ते पाहून त्यांची जुळणी केली जाते, त्यांना क्रमांक दिले जातात, त्यात घरचे एखादे स्थानिक चॅनेल घातले जाते. ही सारी जुळणी त्याची तार जेथवर पोहोचते तेथवरच जाते. तार संपली, की दुसऱ्याची जुळणी सुरू. लोकसाहित्यात आम्ही याला पाठभेद म्हणतो. एकच कथा एका गावी एक बोलते आणि ओढ्यापलीकडे दुसरेच. फरक इतकाच, की कथेचा पाठ बदलला म्हणून मला कोणी फोन करून शिव्या देत नाही!

* * *

जनूशेठांचे घरचे चॅनेल चौदा नंबरवर दिसते. जत्रा, कबड्डीचे सामने, हळदी, बारशी, असे सारे त्यावर चालते. पण त्याची खरी ओळख म्हणजे सुनंदावहिनी. वहिनी धवलारीण आहेत. आगरी लग्नात विधी सुरू असताना धवले गाणारी, आणि ज्या लग्नात ती नाही त्या लग्नाला लोक नावे ठेवतात, अशी ही मानाची बाई. चौदा नंबरवर त्या धवले गातात आणि राहनाळपासून वज्रेश्वरीच्या रस्त्यापर्यंतच्या गावांत त्यांना सगळे ओळखतात.

ओळखत नाही ती एकच व्यक्ती, आणि तीच त्यांची गुरू. त्यांची आई, पारूआजी.

पारूआजी वज्रेश्वरीजवळ अकलोलीला राहतात. तेथे लाइन मोरेशेठांची. मोरेशेठांच्या लाइनवर मोरेशेठांचे स्थानिक चॅनेल. त्यामुळे लेक इतकी वर्षे टीव्हीवर गाते आहे, हे आईने फक्त ऐकले आहे. गुडघे धरल्यामुळे त्यांना राहनाळला येता येत नाही. दुखरे गुडघे घेऊन त्या गरम पाण्याच्या कुंडावर मात्र नेमाने जातात, आणि तेथे बायका त्यांना सोडत नाहीत.

"बाया आईला इचारतात," वहिनींनी एकदा आम्हाला आईची नक्कल करून दाखवली, "'पारूआजी, तुमची सुनंदा टीव्हीवर येते म्हनं?' तं आई काय सांगते म्हाईत हाय? 'येत आसंल त्यांच्या टीव्हीत. माझ्या टीव्हीत तं न्हाय येत बाय!'"

आम्ही हसलो. वहिनीही हसल्या. मग फोन वाजला नसतानाही त्यांनी तो उचलून पाहिला आणि ठेवला.

"जिनं शिकवलं तिलाच दिसत न्हाय, सर. आता तिचं वय तरी किती राहिलंय?"

जनूशेठांनी मोरेशेठांना अनेकदा विचारून पाहिले होते, आमचे चॅनेल तुमच्या लाइनवर घ्या म्हणून. मोरेशेठांचे उत्तर ठरलेले : "तुमचं चॅनेल आमच्या लायनीवर घेतलं, तं मग आमच्या चॅनेलला कोन बघंल?"

"सर, तुमी शिकलेले," जनूशेठ मला म्हणाले, "आता तुमीच सांगा. यानं मना नकार दिला का माझं कौतुक केलं?"

* * *

आमच्या शहरात तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची मोठी वस्ती आहे. तेथून एक वृद्ध गृहस्थ मुलाच्या नव्या घरी राहायला गेले. नवे घर म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे. सामान हातगाडीवर आले, देव पिशवीत आले, आणि संध्याकाळी टीव्ही लावला तर तेलुगू चॅनेले गायब!

त्या गल्लीत बहुतेक घरे मालेगावकडून आणि उत्तरेकडून आलेल्यांची, तेव्हा तेथल्या जुळणीत तेलुगू नव्हती. गृहस्थ काठी टेकत आमच्या खोलीवर आले. "मी गाव सोडले नाही. दोन गल्ल्या सोडल्या. तेवढ्यात भाषा कुठे गेली?" असे त्यांचे म्हणणे, जे कोणत्याही भाषावैज्ञानिक परिषदेत मांडण्याजोगे होते.

रफिकने त्यांना पाणी दिले आणि आपल्या परीने समजावले, "चाचा, बात ऐसी है, उस गली में तेलुगू नहीं आती."

चाचांनी ग्लास खाली ठेवला. "मुझे आती है ना!"

रफिकला हे पटले. तो उठला, शिडी घेतली आणि त्या गल्लीत तेलुगू पोहोचवून आला. आता तेथले उत्तरेकडचे शेजारीही तेलुगू सिनेमे पाहतात, आणि चाचा त्यांना अर्थ सांगतात. अर्थ अर्धा त्यांच्या मनचा असतो, असा रफिकला संशय आहे.

* * *

क्रिकेटच्या दिवसांत या खोलीत एक शिष्टमंडळ आले होते.

एका बाजूला जुन्या चाळी, तेथे आमची केबल. मध्ये गटार. पलीकडे नवी इमारत, तेथे सगळे इंटरनेटच्या बॉक्सवर सामना पाहणारे. दोन्हीकडे सामना तोच, पण इंटरनेटवरून येणारे चित्र जरा रेंगाळत पोहोचते. परिणाम असा, की पलीकडे गोलंदाज अजून धावत असतो, आणि अलीकडच्या चाळीतून 'गेला, गेला!' असा आरडाओरडा येतो. नव्या इमारतीतल्या माणसांना कित्येक दिवस एकही चेंडू निकाल आधी न कळता पाहायला मिळाला नव्हता.

शिष्टमंडळाचे प्रमुख एका लूमचे मालक होते. अदबीने बोलणारे. "शेठ, बुरा मत मानना. एक रिक्वेस्ट है. मॅच के टाइम आपकी लाइन थोडी स्लो कर दो. हमारा सारा मजा खराब होता है."

जनूशेठ गंभीर झाले. फोन कानाशी धरूनच वहिनींनी मान वळवली. "भाईजान, लाइन स्लो कशाला करायची? तुम भी हमारी लाइन ले लो. तुम भी जल्दी खुश हो जाओगे!"

ती अख्खी इमारत आमच्या लाइनवर आली. माझ्या माहितीप्रमाणे जाहिरातीचे इतके परिणामकारक वाक्य या व्यवसायात दुसरे नसावे.

* * *

राहनाळची एक मुलगी लग्न होऊन पडघ्याला गेली. सत्यनारायण आटोपला, पाहुणे गेले, दुपारी घर शांत झाले. आपल्या हळदीचे चित्रीकरण आज चौदा नंबरवर पुन्हा दाखवणार आहेत, हे मुलीला ठाऊक होते. सासरच्या घरात पहिल्यांदाच रिमोट हाती घेण्याचे धैर्य तिने केले आणि चौदा दाबला.

तिकडच्या लाइनवर चौदा नंबरला बाजारभाव असतात. पडद्यावरून भेंडी, गवार, काकडी सरकू लागली. बिचारीला वाटले, हे संपले की हळद लागेल. म्हणून ती बसून राहिली. दुधी आला, कारली आली, हळदही आली, पण ती क्विंटलच्या भावाने!

सासरे शेतकरी. ते दारातून हे पाहत होते. त्याच संध्याकाळी त्यांनी महामार्गावरच्या चहाच्या टपरीवर उभे राहून साऱ्यांना सांगितले, "आरं, सून पयल्याच दिशी भेंडीचा भाव बघत बसली! घरानं बघून पोरगी केली हाय!"

आता खरे सांगायचे तरी कसे? मुलीने वहिनींना फोन केला. "वहिनी, काय करू गो? मामंजी मना रोज इचारतात, आज भेंडी कशी?"

"मग सांग ना," वहिनी म्हणाल्या. "कळतंय ना तुला?"

कळू लागले होते. पुढच्या हंगामात तिचा फोन आला तेव्हा तिची तक्रार निराळी होती. भेंडी कधी तोडायची आणि कोणत्या बाजारात पाठवायची, हे आता तीच ठरवते. पण चौदा नंबर दुपारी मध्येच अडकतो, तो जरा तिकडच्या शेठला सांगून नीट करून घ्याल का?

* * *

आमची लाइन वज्रेश्वरीच्या रस्त्यावर ज्या गावाच्या शिवेला संपते, तेथूनच मोरेशेठांची सुरू होते. शिवेवरच्या शेवटच्या घरात दोन्ही जोडण्या आहेत. बाहेरच्या खोलीत आमची, कारण म्हाताऱ्याला आमची कबड्डी हवी. स्वयंपाकघरात मोरेशेठांची, कारण सुनेला त्यांच्या चॅनेलवरच्या पाककृती हव्या.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत या गावात दोन उमेदवार उभे होते. एकाची जनूशेठांशी मैत्री, दुसऱ्याचे मोरेशेठांशी नाते. मतमोजणी संपण्याची वाट न पाहता दोन्ही चॅनेलांनी आपापल्या माणसाचा गुलाल दाखवायला सुरुवात केली. बाहेरच्या खोलीत एक जण विजयी होऊन हार घालून घेत होता, स्वयंपाकघरात दुसरा.

म्हातारा भाकरी खायला आत गेला, पडद्याकडे पाहून गोंधळला, पुन्हा बाहेर आला. तेवढ्यात रस्त्यावरून जाणाऱ्या कोणीतरी हाक मारली, "बाबा, कोन निवडून आला?"

म्हातारा म्हणाला, "आधी सांग, कंच्या खोलीतनं इचारतोस?"

हा किस्सा वहिनी फोनवर ग्राहकांनासुद्धा ऐकवतात. जनूशेठांना तो आवडत नाही. कारण प्रत्यक्षात निवडून आला तो स्वयंपाकघरातला.

* * *

वहिनींच्या आईचा प्रश्न सोडवण्याचा पहिला प्रयत्न रफिकने केला. त्याने वहिनींचा एक धवला आपल्या फोनवर घेतला, मोटरसायकल काढली आणि थेट अकलोली गाठली.

पारूआजींनी फोन हातात घेऊन, लांब धरून, मग जवळ धरून पाहिला. "व्हय, सुनंदाच हाय माझी."

"बघा! आली ना टीव्हीवर?" रफिक म्हणाला.

"टीव्हीवर कुटं? ही तं तुझ्या खिशातली. फोनात कोनपन येतं रं. परवा शेजारच्या पोरानं मनापन फोनात घातली हुती. मंग मी काय टीव्हीवर आले?"

रफिकने हट्ट सोडला नाही. त्याने फोन टीव्हीला जोडता येतो का ते पाहिले. टीव्ही जुना, मागून फुगलेला. त्याला असले काही जोडायची सोय नव्हती. "नवीन टीव्ही आणतो आजी, त्यात फोन लावतो," तो म्हणाला.

आजींनी त्याला बसवून चहा दिला आणि आपली भूमिका स्पष्ट केली. "आयक, बाबा. ठकी तिच्या घरात बसंल, मी माझ्या घरात बसंन. तिला तिच्या टीव्हीत दिसंल, मना माझ्या टीव्हीत दिसंल, आनि दोघी येकाच टायमाला बघू. मंग ती टीव्हीवर आली. तू आनून दाखवलीस, तं ती पावनी आली."

ठकी म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण. कुंडावर सर्वांत जास्त टोचून बोलणारी तीच.

रफिक परत येऊन आमच्यासमोर खुर्चीत बसला. "सर, मी लय समझाया. लेकिन आजी का पॉइंट सही है."

प्रसारण म्हणजे काय, यावर मी बरेच वाचले आहे. पारूआजींच्या व्याख्येत मला एक शब्दही कमी-जास्त करता आला नाही. वहिनींनी मात्र फक्त विचारले, "आईचे गुडघे कसे हायेत?"

* * *

शिवेवर जेथे आमची तार संपते, तेथे खांबावर एक करडा बॉक्स बसवलेला आहे. खांबाजवळच शेंदूर लावलेला शिवेचा दगड. गाव ओलांडून लग्नाचे वऱ्हाड निघाले, की या दगडाला नारळ देऊन पुढे जायचे, ही जुनी चाल.

एके दिवशी रफिकने मला विचारले, "सर, आपल्या बॉक्सला हळदकुंकू कोन लावतं?"

मी पाहायला गेलो. दगडाला शेंदूर होताच. पण वर, हात कसाबसा पोहोचेल तेवढ्या उंचीवर, बॉक्सच्या तळालाही हळदीकुंकवाची बोटे ओढलेली होती, आणि खांबाला झेंडूची माळ. जवळच्या मळ्यात एक बाई वांगी तोडत होती. तिला मी विचारले, की हा तर केबलचा डबा, त्याची पूजा का?

तिला प्रश्नच विचित्र वाटला. "गाव जितं संपतं तितं नारळ देत्यात का न्हाय?"

"देतात."

"मंग? आपला टीव्ही हितंच संपतो की!"

शिवेच्या देवतांवर मी पुष्कळ लिहिले आहे. शीव ही केवळ जमिनीवरची रेषा नसून ज्या वर्तुळात आपण एकमेकांना दिसतो त्या वर्तुळाचा परीघ असते, असे काहीसे माझे प्रतिपादन होते. ते इतक्या थोडक्यात आणि वांगी तोडता तोडता मांडता येते, हे मला सुचले नव्हते.

मी रफिकला हे सांगितले, आणि काळजीने विचारले, "तुला काही अडचण तर नाही ना?"

"मला काय अडचण, सर? मी तर चप्पल काढूनच चढतो."

"का?"

"अब ये बॉक्स बिगडता ही नहीं!"

* * *

आणि मग मोरेशेठांच्या मुलीचे लग्न राहनाळच्या मुलाशी ठरले.

हळद दोन्हीकडे एकाच संध्याकाळी. त्यामुळे मुलीकडच्यांना मुलाची हळद पाहायला येता येईना. मोरेशेठांच्या पत्नीने मात्र निक्षून सांगितले, की जावयाची हळद मला माझ्या घरात, माझ्या टीव्हीवर दिसली पाहिजे, आणि माझ्या माहेरच्यांना त्यांच्या. घरात स्वतःची केबल असून एवढे जमत नसेल तर केबल हवी कशाला!

मोरेशेठ स्वतः आमच्या खोलीवर आले. जनूशेठांनी त्यांना सर्वांत चांगली खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मग अत्यंत शांतपणे विचारले, "पन शेठ, आमचं चॅनेल तुमच्या लायनीवर घेतलं, तं तुमच्या चॅनेलला कोन बघंल?"

"ते राहू दे हो," मोरेशेठ कपाळ पुसत म्हणाले. "सध्या बायको मना बघतेय!"

मुलाच्या हळदीला धवले गायला सुनंदावहिनीच असणार होत्या. मोरेशेठांचे बोलणे ऐकून त्यांनी फोन खाली ठेवला. तो वाजत राहिला, तरी त्यांनी उचलला नाही. "म्हंजे अकलोलीला दिसनार?"

"सगळ्या लायनीवर दिसनार," मोरेशेठ म्हणाले. "चौदा नंबरलाच लावतो. मानाचा नंबर!"

रफिक आणि मोरेशेठांचा माणूस यांनी शिवेवरच्या खांबावर दोन्ही तारा जोडल्या. हळदीच्या दिवशी वहिनींनी रफिकला राहनाळला थांबू दिले नाही. "हितं कायपन बंद पडू दे. तू आईच्या घरी जाऊन बस. तिचा टीव्ही बंद पडता कामा न्हाय." रफिकबरोबर मीही गेलो. पारूआजींचे धवले मी मागे कधीतरी लिहून घेतले होते, तेवढी ओळख पुरेशी होती.

आम्ही पोहोचलो तेव्हा उन्हे कलत होती. पारूआजी कुंडावर जाऊन, न्हाऊन, ठेवणीतले लुगडे नेसून टीव्हीसमोर पाट मांडून बसल्या होत्या. खुर्ची देऊ केली तर नको म्हणाल्या. धवला खालीच बसून म्हणायचा असतो.

चित्र आले. राहनाळचा मांडव, पिवळी झालेली माणसे, आणि मधोमध सुनंदावहिनी.

भिंतीपलीकडून ठकीबाई ओरडली, "आली गो, पारू! तुझी सुनंदा आली! माझ्या टीव्हीत आली!"

"माझ्यापन टीव्हीत आली!" आजींनी भिंतीला ओरडून सांगितले. मग पडद्याकडे वळल्या, बराच वेळ पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या, "वाळली हाय. टीव्हीवाल्यांनी माझी पोर वाळवली."

धवला दोघींनी म्हणायचा असतो. एक ओळ घेते, दुसरी ती झेलते. त्यातही मांडवाला देव बोलावण्याचा जो धवला आहे, त्यात पहिली विचारते, कोण कोण आले, आणि दुसरी एकेका गावदेवीचे नाव घेऊन उत्तर देते. राहनाळला वहिनींची जाऊ ही ओळ झेलते. ती नेहमीप्रमाणे शेजारी सरसावून बसली होती.

वहिनींनी पहिली ओळ घेतली. जाऊबाईंनी तोंड उघडले, तोच वहिनींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पडद्यावर आम्हाला तो हात स्पष्ट दिसला. जाऊबाई गप्प राहिल्या. वहिनीही गप्प. मांडवातली माणसे इकडेतिकडे पाहू लागली.

रफिक ताडकन उठला. "आवाज गेला!" त्याने टीव्हीचा आवाज वाढवला, बॉक्सच्या मागे हात घातला, वायर चाचपली. तेवढ्यात जनूशेठांचा फोन. तो म्हणाला, "हां शेठ, देख रहा हूँ, देख रहा हूँ!"

"हात काढ तितनं," पारूआजी म्हणाल्या.

त्यांनी पदर सावरला, डोळे मिटले आणि ओळ झेलली. आवाज थरथरत होता, पण सूर जागेवर होता. त्यांनी आधी वज्रेश्वरीचे नाव घेतले, मग अकलोलीच्या गावदेवीचे, मग आसपासच्या एकेका गावाच्या देवीचे. मी लिहून घेतली होती त्याहून कितीतरी अधिक नावे त्यात होती. मध्येच दम लागला म्हणून त्या थांबल्या, श्वास घेतला आणि उरलेली नावे पुरी केली.

त्यांचे शेवटचे नाव संपले, आणि पडद्यावर सुनंदावहिनींनी दुसरी ओळ घेतली.

पुन्हा थांबल्या. पुन्हा आजींनी झेलली. पुन्हा त्यांचे संपताच वहिनी पुढे. रफिक वायर हातात धरून, तोंड उघडे टाकून, एकदा टीव्हीकडे आणि एकदा आजींकडे पाहत राहिला.

धवला संपल्यावर तो त्यांच्यापुढे उकिडवा बसला. "आजी," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "तिकडचं इकडं येतं. पण इकडचा आवाज तिकडं जात नाही. वहिनींना तुमचं काहीच ऐकू येत नाही, आजी."

पारूआजींनी त्याच्याकडे कीव केल्यासारखे पाहिले.

"आयकू येत न्हाय, तं माझं व्हईस्तोवर ती थांबली कशी?"